रोआल्ड डाल: पायलट, बाप आणि एक व्हॉल्व

'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल, नाहीतर जॉनी डेपचा सिनेमा तरी पाहिला असेल. ते पुस्तक लिहिणारा रोआल्ड डाल. आज त्याच्या पुस्तकांबद्दल फार बोलणार नाहीये. मला इंजिनिअर म्हणून त्याच्या आयुष्यातली एक वेगळीच गोष्ट भारी वाटते, ती सांगतो.

हा माणूस दुसऱ्या महायुद्धात फायटर पायलट होता. जन्म 1916 चा, वेल्समधला, आईवडील नॉर्वेचे. शेल कंपनीच्या नोकरीत पूर्व आफ्रिकेत असताना युद्ध सुरू झालं आणि तो रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाला. उंची साडेसहा फूट. कॉकपिटमध्ये गुडघे हनुवटीला लागत असणार! सप्टेंबर 1940 मध्ये ग्लॅडिएटर विमान घेऊन तो आपल्या स्क्वॉड्रनकडे निघाला, पण त्याला दिलेलं लोकेशनच चुकीचं होतं. इंधन संपत आलं, अंधार पडायला लागला, आणि विमान वाळवंटात आपटलं. कवटी फुटली, नाक तुटलं, काही काळ दिसायचंही बंद झालं. त्यातून उठून 1941 च्या एप्रिलमध्ये तो ग्रीसवर हरिकेन उडवत होता. पण पुढे डोकेदुखीने इतका त्रास दिला, की उडणं थांबलं आणि त्याला घरी पाठवलं.

आता 1960 चा डिसेंबर, न्यूयॉर्क. डालचं लग्न झालंय, बायको पॅट्रिशिया नील, हॉलिवूडची नावाजलेली नटी. त्यांचा मुलगा थिओ फक्त चार महिन्यांचा. रस्ता ओलांडताना त्याच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. बाळाच्या डोक्याला जबर मार बसला आणि मेंदूत पाणी साठायला लागलं, ज्याला डॉक्टर हायड्रोकेफॅलस म्हणतात. उपाय म्हणजे डोक्यातून एक बारीक नळी टाकून ते पाणी खाली शरीरात सोडायचं. पाणी उलटं वर जाऊ नये म्हणून नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व. तो व्हॉल्वच सारखा तुंबायचा. तुंबला की दाब वाढणार, बाळाची नजर जाणार, पुन्हा ऑपरेशन. परत काही दिवस बरे, परत तेच.

आपण असतो तर काय केलं असतं? दुसरा डॉक्टर शोधला असता. डालने दुसरा व्हॉल्व करायला घेतला. तो हौसेने मॉडेल विमानं उडवायचा, आणि त्या नादातून स्टॅन्ले वेड नावाच्या माणसाशी ओळख होती. वेड मॉडेल विमानांची छोटी इंजिनं आणि त्यांचे इंधनपंप बनवायचा. म्हणजे बारीक नळ्यांतून द्रव न तुंबता कसा न्यायचा, हा त्याचा रोजचा धंदा. तिसरा माणूस केनेथ टिल, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधला मेंदूचा सर्जन. टिलने नेमकं दुखणं सांगितलं: व्हॉल्वला रबरात फक्त एक चीर असते, आणि मेंदूतला बारीक कचरा त्या चिरेत अडकतो.

म्हणून वेडने चीरच काढून टाकली. त्याऐवजी स्टीलच्या छोट्या पिंजऱ्यात सुटी हलणारी स्टीलची चकती. पाणी पुढे आलं की चकती उचलली जाते, मागे ढकललं की बसते. कचरा अडकायला जागाच कमी. 1962 पर्यंत तो तयार झाला. नाव वेड-डाल-टिल व्हॉल्व. तिघांनी ठरवून त्यातून एक पैसाही नफा घेतला नाही. आणि गंमत बघा, तोवर थिओ इतका सुधारला होता की त्याला तो लागलाच नाही. लागला तो इतरांच्या पोरांना, जवळजवळ 3000 मुलांना.

1965 मध्ये पॅट्रिशियाला मेंदूत लागोपाठ रक्तस्राव झाले. ती तेव्हा गरोदर होती. तीन आठवडे कोमात. जागी झाली तेव्हा शब्द हरवलेले. डालने शेजारपाजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या, रोज तासन्‌तास कोणीतरी येऊन तिला बोलायला, वाचायला लावायचं. तो स्वतः इतका कडक वागायचा, की ती चिडायची. मला विचाराल तर त्यात प्रेम किती आणि हट्ट किती, हे वेगळं करता येत नाही. बाळ सुखरूप झालं, ती पुन्हा सिनेमात आली आणि ऑस्करसाठी तिचं नामांकनही झालं. 1983 मध्ये मात्र दोघांचा घटस्फोट झाला. ज्यूंबद्दल तो जाहीरपणे जे बोलला, त्याची तर कुटुंबाला नंतर माफी मागावी लागली. देवमाणूस वगैरे नव्हता तो.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. व्हॉल्व तयार झाला त्याच 1962 च्या नोव्हेंबरात थोरली मुलगी ऑलिव्हिया गेली. सात वर्षांची. गोवर झाला होता. तिथे कुठलाच जुगाड चालला नाही, कारण तेव्हा गोवराची लस बाजारात नव्हती. अमेरिकेत ती पुढच्याच वर्षी आली.

डाल तिच्याबद्दल फारसं बोलायचा नाही. 1982 मध्ये 'द बीएफजी' तिच्या आठवणीला अर्पण केलं. मग 1986 मध्ये, ती जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर, त्याने इंग्लंडमधल्या आईबापांना एक पत्र लिहिलं: मुलांना गोवराची लस द्या. त्यात त्याने तो दिवस सांगितलाय. पोरगी बरी होत आलीय, पलंगावर बसलीय, आणि तो तिला रंगीत लव असलेल्या तारा वाकवून छोटे प्राणी करायला शिकवतोय. तिची बोटं ऐकत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने विचारलं, बरं वाटतंय ना? ती म्हणाली, झोप येतेय. तासाभरात ती बेशुद्ध झाली. बारा तासांत गेली.