ऊस, पाऊस आणि खिंड



1920 साली बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. त्यातला भीमानं कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा उतरला होता की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ही सुरुवात. म्हणजे आपल्या गावचा सिनेमा पहिल्या पावलापासूनच मारामारी आणि थरकाप बरोबर घेऊन आला आहे. पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमात मात्र त्यांनी रंगवलेल्या पडद्यावर भागवलं नाही. खोली असलेले, पात्रांना आत-बाहेर वावरता येईल असे सेट उभे केले. 1923 च्या 'सिंहगड'मध्ये तर कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. माणूस कुठं उभा आहे, त्याच्या पाठीमागं भिंत आहे की कडा, उजेड कुठून येतोय, हे प्रेक्षकाला कळलं तरच त्या माणसाची काळजी वाटते. हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

अलीकडे मी बरेच भयपट आणि मारधाडीचे सिनेमे पाहिले. काही थिएटरात, काही घरी. त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. या दोन्ही तऱ्हांच्या सिनेमांत मी आधी जागा बघते. नट, गोष्ट, संगीत हे सगळं त्यानंतर.

'लपाछपी'पासून सुरू करते, कारण त्याची जागा आपल्या अगदी ओळखीची आहे. विशाल फुरिया यांचा हा मराठी सिनेमा 2017 सालचा. मी तो यंदा पुन्हा पाहिला. कर्जात अडकलेला एक तरुण आपल्या गरोदर बायकोला घेऊन शहरातून पळतो आणि ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी लपतो. ते घर उसाच्या मधोमध आहे. चारी बाजूंनी ऊस, बाकी काही नाही.

आपल्याला ऊस म्हणजे पैसा, कारखाना, गुऱ्हाळ, गुळाचा वास. पण दिवाळीच्या सुमारास आडसाली उसाच्या सरीत शिरून बघा. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेली पानं, पायाखाली पाचट, आणि दहा पावलं आत गेलं की रस्ता कुठल्या अंगाला राहिला ते कळेनासं होतं. वारा नसला तरी पाला सळसळतो. शेतावरची जाणती माणसं पोरांना उसात खेळू देत नाहीत, ते उगीच नाही. फुरियांनी हे सगळं नेमकं पकडलं आहे. बहुतेक भयपट रात्रीवर विसंबतात. इथं भर दुपारी, लख्ख उन्हात घाम फुटतो. पूजा सावंत त्या सऱ्यांमधून धावते तेव्हा कॅमेरा तिच्या उंचीवरच राहतो, त्यामुळं तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. वरून घेतलेलं एखादं दृश्य आलं असतं तर सगळी भीती तिथंच संपली असती.

आणि उषा नाईक! घरधनीण तुळसाबाईच्या भूमिकेत त्यांनी जे केलं आहे, त्यासाठी तरी हा सिनेमा पाहाच. ही बाई प्रेमानं वाढते, अंगाला तेल लावते, विचारपूस करते, आणि त्या प्रेमाच्या आडून कधी धाक डोकावतो ते कळत नाही. अशा सासवा, अशा चुलत्या-मावश्या आपण पाहिलेल्या आहेत. म्हणून ती भुताहून जास्त भिववते.

पुढं काय होतं ते सांगत नाही. पण हा सिनेमा कशाबद्दल आहे हे सांगणं मला भाग आहे, कारण ते आपल्या जिल्ह्याचं दुखणं आहे. न जन्मलेल्या मुलींबद्दल आहे तो. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 839 मुली होत्या. 2011 साली 863. शाहू महाराजांचा जिल्हा, सहकाराचा, दुधाचा, साखरेचा सधन जिल्हा, आणि हे आकडे. लक्ष्मीकांत देशमुख इथं जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवण्याचं काम झालं, ते याच आकड्यांमुळं. देशमुखांनी पुढं या विषयावर कथाही लिहिल्या. 'लपाछपी'मधल्या उसातून लहान मुलांचे आवाज येतात, तेव्हा ते आवाज कुणाचे हे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला लवकर कळतं. मला कळलं आणि मी सिनेमा थोडा वेळ थांबवला. या सिनेमाचा हिंदी अवतार 2021 साली 'छोरी' नावानं आला, दिग्दर्शक तेच. तो जास्त खर्चाचा, जास्त सफाईदार आहे. पण मराठीतल्या त्या घराच्या भिंतींना जो ओशटपणा आहे तो हिंदीत मला सापडला नाही.

'शैतान'बद्दल थोडक्यात सांगते. 2024 चा हिंदी सिनेमा, 'वश' या गुजराती सिनेमावरून केलेला. ढाब्यावर भेटलेला एक अनोळखी माणूस एका कुटुंबाच्या मुलीला वश करून घेतो आणि मग तिला काहीही करायला लावतो. पहिला तासभर आई-बापांची जी घालमेल आहे ती आपल्या पोटात शिरते. जानकी बोडीवाला या मुलीनं फार अवघड काम केलं आहे. घराबाहेर पडल्यावर मात्र सिनेमा सैल होतो, आणि शेवट मला ओढूनताणून आणलेला वाटला.

आता 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा 2018 साली आला, तेव्हा थिएटरात फार थोड्या लोकांनी पाहिला. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि लोकांनी अशी गर्दी केली की पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी जास्त कमाई झाली. पडेल सिनेमाला प्रेक्षकानं सहा वर्षांनी परत बोलावून घ्यावं, असं आपल्याकडं क्वचितच घडतं. मलाही तो मोठ्या पडद्यावर दुसऱ्या खेपेलाच मिळाला.

'तुंबाड'ची जागा म्हणजे पाऊस. तो थांबतच नाही. बर्वे यांनी खरा पावसाळा पकडण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि ते पडद्यावर दिसतं. नळीनं शिंपडलेला पाऊस नुसताच वरून पडतो. खऱ्या पावसात भिंती फुगतात, लाकूड काळं पडतं, अंगावरचं धोतर वाळत नाही, माणसाच्या चेहऱ्यावर चार महिन्यांचा कंटाळा साचतो. गगनबावड्याकडं किंवा राधानगरीकडं ज्यांनी पावसाळे काढले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या पावसात एक वाडा, वाड्यात साखळदंडानं बांधलेली एक म्हातारी, आणि जमिनीच्या पोटात हस्तर नावाचा हावरट देव. 1918 ते 1947 एवढ्या काळात एका घराण्याची हाव बापाकडून मुलाकडं कशी जाते, ते बर्वे दाखवतात. त्या म्हातारीच्या भूमिकेत आहे मोहम्मद समद हा मुलगा! नायकाच्या मुलाचं, पांडुरंगाचं काम करणाराही तोच. बापाच्या वाटेनं जायला शिकणारं पोर आणि हावेनं सडलेली म्हातारी, या दोघांचं शरीर एकच आहे, हे कळल्यावर तो सिनेमा मी पुन्हा वेगळ्या नजरेनं पाहिला.

यातलं म्हातारीचं बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेतलं, आणि गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देणारं. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांतून धारपांची पुस्तकं कव्हर फाटेपर्यंत वाचणाऱ्या पिढीतली मी. धारप 2008 साली गेले. आपल्या समीक्षकांनी त्यांना जवळ केलं नाही, गांभीर्यानं वाचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. वाडा, माजघर, परसातली विहीर, बंद खोली, या मध्यमवर्गीय मराठी घरातल्या ओळखीच्या जागांत त्यांनी भीती आणून बसवली. 'तुंबाड' व्हेनिसपर्यंत पोचला त्यात त्यांचाही वाटा आहे, हे मोठ्यानं म्हणायला हवं.

'मुंज्या' 2024 च्या जूनमध्ये आला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम केलेल्या नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातले. मुंज झाली आणि लगेच मेला, इच्छा राहिली, म्हणून पिंपळावर बसलेला मुंजा आपल्या सगळ्यांच्या आजोळी कुठं ना कुठं असतोच. सरपोतदारांनी त्याला कोकणातून उचलून पुण्यात आणला. सुरुवातीचा भाग, पिंपळाचं झाड आणि ते हट्टी पोर, फार चांगला जमला आहे. सुहास जोशींची आजी तर घराघरातली. मग विनोद वाढत जातो आणि भीती कमी होते. माझ्याबरोबर आलेली शाळकरी मुलं मात्र आधी किंचाळली आणि मग पोट धरून हसली, आणि तीच या सिनेमाची खरी प्रेक्षक आहेत. त्यांना जरूर दाखवा.

आता मारधाडीकडं वळते. 'छावा'ला आपल्या जिल्ह्याशी जोडणारा एक धागा आहे. ज्या कादंबरीवर तो बेतला आहे त्या 'छावा'चे लेखक शिवाजी सावंत आजऱ्याचे. लक्ष्मण उतेकर यांचा हा सिनेमा फेब्रुवारी 2025 मध्ये आला तेव्हा थिएटरातून माणसं रडत बाहेर पडताना मी पाहिली. विकी कौशलनं अंग झोकून काम केलं आहे. पण लढाया मला गर्दीच्या वाटल्या. माणसं उडतात, पडतात, आवाज मोठा होत जातो, आणि कोण कुठून चालून आलं ते समजत नाही. संगमेश्वरचा प्रसंग याला अपवाद. तिथं गल्ल्या आहेत, अडलेल्या वाटा आहेत, घेरला गेलेला एक राजा आहे. तिथं मला श्वास अडकल्यासारखं झालं. अक्षय खन्नाचा औरंगजेब थकलेला, हळू बोलणारा, म्हणून भयंकर.

'पावनखिंड' मी टीव्हीवर दुसऱ्यांदा पाहिला. दिग्पाल लांजेकर यांचा 2022 चा सिनेमा. हा तर आपल्या दारातला प्रसंग. 1660 च्या आषाढात सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघाले. शिवा काशीद महाराजांचं रूप घेऊन शत्रूला सामोरे गेले, आणि 13 जुलैला बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. दर पावसाळ्यात शेकडो माणसं पन्हाळ्यावरून मसाई पठारमार्गे ती वाट चालतात. पन्नास किलोमीटरहून जास्त अंतर, चिखल, धुकं, जळवा. ज्यांनी ती वाट एकदा चालली आहे त्यांना एक गोष्ट पायांनी कळलेली असते, की रात्रभर हे अंतर तोडून आल्यावर तलवार उचलायची ताकद उरणं हेच मुळात अचाट आहे. अजय पूरकरांच्या बाजींमध्ये तो थकवा आहे. डोळ्यांत आहे, वाकलेल्या खांद्यांत आहे. त्यांचं काम मला मनापासून आवडलं.

तरी माझं एक म्हणणं आहे. खिंडीचं सगळं बळ तिच्या अरुंदपणात आहे. एका वेळी मोजकेच लोक पुढं येऊ शकतात, म्हणून थोड्यांना अनेकांना रोखता येतं. सिनेमात स्लो मोशन आणि संवाद इतके आहेत की ती अरुंद जागा डोळ्यांपुढून हलते. शस्त्रांचंही तसंच. आपल्याकडं मर्दानी खेळाचे आखाडे आजही चालतात. तिथं दांडपट्टा फिरवताना बघा. पट्ट्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत अडकलेला असतो, मनगट वळत नाही. त्यामुळं वार खांद्यातून, कमरेतून, सगळ्या देहाच्या फिरकीतून येतो, आणि एकटा माणूस आपल्याभोवती फेर धरून जागा मोकळी करतो. सिनेमात मात्र बहुतेक वेळा पट्टा तलवारीसारखा हाणलेला दिसतो. आपल्या ऐतिहासिक सिनेमांनी लढाईची आखणी करताना या आखाड्यांतल्या वस्तादांना शेजारी बसवावं, असं मला फार वाटतं. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओतल्या शिवकालीन चित्रपटांत तांत्रिक करामती नव्हत्या, पण अंगमेहनतीची माणसं होती, खरी घोडी होती. त्यामुळं पडद्यावरच्या वाराला वजन होतं.

शेवटी 'किल'. निखिल नागेश भट यांचा 2024 चा हिंदी सिनेमा. दिल्लीकडं जाणारी रेल्वे, एक कमांडो, आणि डब्यात घुसलेली दरोडेखोरांची टोळी. ही टोळी म्हणजे काका, भाऊ, पुतणे असं एक कुटुंबच आहे, त्यामुळं त्यांच्यातलं कुणी मेलं की तेही रडतात. हे मी मारधाडीच्या सिनेमात क्वचित पाहिलं आहे. जवळजवळ सगळा सिनेमा दोन बर्थांमधल्या बोळात घडतो. हात लांब करून फटका मारायला जागा नाही, म्हणून कोपर, गुडघा, हाताला लागेल ती वस्तू. कुस्तीत पकडीत सापडलेल्या मल्लाची धडपड असते तशी ही मारामारी आहे, अंगाला अंग भिडलेली. दोन डब्यांमधलं दार, संडासाशेजारची जागा, वरचा बर्थ, सगळ्याचा वापर होतो, आणि कोण कुठं आहे याचा क्षणभरही गोंधळ होत नाही.

रक्त मात्र फार आहे. लहान मुलांना दाखवू नका, आणि ज्यांना असलं बघवत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. पण मारामारी कशी रचावी, हे शिकू पाहणाऱ्या आपल्या कोल्हापुरातल्या तरुण दिग्दर्शकांनी हा सिनेमा थांबवत थांबवत, एकेक दृश्य पुन्हा बघत पाहावा. आणि त्याला जोडून 'लपाछपी'ही.