इटलीची सहल : बाराचे नऊ दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘इटलीच्या सहलीचं नियोजन’ यावर बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. ग्रुपवर आठ महिने चर्चा चालली आहे आणि त्यातून आजवर नक्की ठरलंय ते एवढंच, की बोलायचं मी. कारण मी कंपनीच्या कामासाठी सहा आठवडे मिलानला राहून आले आहे आणि मला एक्सेल येतं.

माझा पहिला तक्ता बारा दिवसांचा होता. रोम, नेपल्स, पॉम्पेई, अमाल्फीचा किनारा, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान. तासातासाला वेगळा रंग. तो बघून एकाने विचारलं, “यात चहा कधी प्यायचा?” मी तिकडे दुर्लक्ष केलं.

दोन दिवसांनी आपल्यातल्या एका मैत्रिणीने लिहिलं, “माझं जमणार नाही. आईला बरं नसतं. तुम्ही मजा करून या.” ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. नववीत वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला मी आले नव्हते, आठवतंय? बाईंना मी ताप आहे असं सांगितलं होतं. बाई, ताप नव्हता. त्या महिन्यात घरात सहलीचे पैसे नव्हते आणि ते सांगण्यापेक्षा ताप सोपा होता. पुढे महिनाभर मधल्या सुट्टीत त्या बसमधल्या गोष्टी मी ऐकत राहिले. कैलास लेणं नोकरी लागल्यावर पाहिलं, पण तेव्हा बरोबर तुम्ही नव्हता.

म्हणून मी तिला फोन केला आणि आडून आडून पैशांचं विचारलं. ती हसायलाच लागली. “अगं, पैसे आहेत. आईलाच खरंच बरं नसतं. दादा येऊन राहील, पण त्याला एकच आठवडा रजा मिळते. दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस.” हे तिला विचारूनच सांगते आहे.

तेव्हा आता सहल नऊ दिवसांची. शनिवारी पोचायचं, पुढच्या शनिवारी निघायचं, रविवारी घरी. मुक्काम सात रात्री, तीन ठिकाणी. यात व्हेनिस गेलं. ओरडू नका! व्हेनिस पूर्वेला एड्रियाटिक समुद्रावर आणि आपल्याला हवी असलेली समुद्राकाठची गावं पश्चिमेला. दोन्ही धरलं तर आपण इटली रेल्वेच्या खिडकीतूनच बघू. अमाल्फी पार दक्षिणेला, म्हणून तेही गेलं.

क्रम रोम, फ्लोरेन्स, किनारा असाच हवा आणि परतीचं विमान मिलानहून हवं. पुन्हा रोमला येण्यात एक दिवस फुकट जातो. वारांचंही गणित आहे. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, पण ती रांग आपल्याला नको. म्हणून रविवारी कलोसियम, सोमवारी व्हॅटिकन. फ्लोरेन्सची उफ्फिझी गॅलरी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. म्हणून तिथे मंगळवारी. रोमहून वेगवान गाडीने दीड तास. ज्यांना भूगोलाच्या तासाचा व्हेसुव्हियस डोळ्यांनी बघायचाय, त्यांनी सोमवारी व्हॅटिकन सोडून पॉम्पेई करावं. नेपल्सला सव्वा तास, पुढे लोकलने पाऊण तास. थकवा येईल, पण एका दिवसात होतं.

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ साली पुरा झाला. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ज्यांचे गुडघे अजून दहावीतले आहेत त्यांनी चढावं. बाकीचे आम्ही खाली कॉफी पीत बसू. तक्त्यात तो तास आता रिकामा ठेवलाय. चहावाल्याने नोंद घ्यावी.

शेवटच्या दोन रात्री ला स्पेझियाला. तिथून चिंक्वे तेर्रे, म्हणजे पाच गावं : रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. लोकलने गावागावांत काही मिनिटांचंच अंतर. बोगद्यातून बाहेर आलं की समुद्र, लगेच पुन्हा बोगदा. कोर्निल्या तेवढं कड्यावर आहे. स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या, पण छोटी बसही मिळते. या लोकलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी ते स्टेशनवरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

त्या किनाऱ्यावर मी फारिनाता खाल्ला. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. मोठ्या गोल परातीत घालून भट्टीत भाजतात. पहिला घास घेतला आणि आईचं बेसनाचं धिरडं आठवलं. शाकाहारी मंडळींची तिथे छान सोय होईल. फक्त पार्मेजान चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात आणि ते चीज पेस्टोतही असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फॉर्माज्जो’, म्हणजे चीज नको, एवढं पाठ करून ठेवा.

आता पैसे. प्रत्येकाने आपल्याला झेपेल तो आकडा मला एकटीला कळवायचा. सर्वांत लहान आकडा येईल त्यात सहल बसवायची. तो कोणाचा, हे मी कोणालाही सांगणार नाही. त्यासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली घरं घेऊ आणि वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढू, कारण ती उशिरा महाग होत जातात. कोणीही मला ताप आला म्हणून कळवू नये.

गणपती झाले की निघायचं. व्हिसाचा अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपासून करता येतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. घरी गेल्यावर आधी ते बघा. जेवणानंतर मी आठवीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसते आहे. व्हेनिसवाल्यांनी भांडायला तिकडेच यावं.