वासरू दुसऱ्याचे, वैरण आपली : करारावर कालवडी सांभाळण्याचा जोडधंदा

(मंडळाच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतल्या कारकुनांनी गोठ्यावर काय बोलावे, असे काहींना वाटले असेल. पण सीमाभागातल्या शाखेत खिडकीमागे बसले की दुधाचे बिल जमा झाले का, हे विचारणारी माणसे रोज भेटतात. आम्ही वाणिज्य शाखेचे. तेव्हा जनावराच्या औषधपाण्यापेक्षा हिशेब आणि करार यांवरच आम्ही बोलणार आहोत.

विषय थोडक्यात असा. दूधवाल्याची कालवड आपण आपल्या गोठ्यात वाढवायची, ठरलेल्या दिवशी गाभण करून परत द्यायची आणि त्याबद्दल दर महिन्याला पैसे घ्यायचे. जनावर त्याचे, जागा, वैरण आणि कष्ट आपले. आयर्लंडमध्ये हा जोडधंदा रुजलेला आहे. तिथे तो कोणी धरला आणि का धरला, हे आधी पाहू.

युरोपात 1984 पासून दुधाच्या उत्पादनावर कोटा होता. तो 31 मार्च 2015 रोजी उठला. आयर्लंडच्या दूधवाल्यांनी भराभर गाई वाढवल्या. पण दुभती गाय रोज दोन वेळा चालत धारेच्या ठिकाणी यावी लागते, म्हणून जवळचे कुरण तिलाच लागते. कालवडीला तशी अट नाही, ती वीस मैलांवरही वाढू शकते. दुसऱ्या बाजूला, मांसासाठी जनावरे वाढवणारे शेतकरी होते. त्यांच्याकडे गवत होते, शेड होती, जनावराची पारख होती. नव्हते ते उत्पन्न. त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग सरकारी अनुदानातून येतो, आणि जनावर विकले जाईपर्यंत हातात रोकड येत नाही. अशांपैकी काहींनी स्वतःची जनावरे कमी केली आणि त्या जागी दूधवाल्यांच्या कालवडी करारावर घेतल्या. जनावर विकत घेण्यात भांडवल अडकत नाही आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, हे दोन फायदे त्यांना पटले.

त्यांचा मूळ धंदा मांसाचा आहे. आपल्याकडची रीत आणि कायदा वेगळा, म्हणून तो भाग आपण बाजूला ठेवू. आपल्याला घ्यायची आहे ती त्यांची करारपद्धत. कारण दुसऱ्याचे जनावर सांभाळणे आपल्याला मुळीच नवे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अर्धलीने जनावर देण्याची रीत जुनी आहे. अर्धलीत सगळे तोंडी असते, आणि तोटा बहुधा राखणाऱ्याच्या पदरात पडतो. कसा, ते आकड्यांत मांडू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत.

समजा, 10,000 रुपयांची कालवड अर्धलीने घेतली आणि दोन वर्षांनी ती 60,000 ची झाली. वाढ 50,000 ची, निम्मा वाटा 25,000. आता रोजचा खर्च धरा : पेंड 30 रुपये, क्षार मिश्रण आणि औषध 5 रुपये, हिरवी-वाळकी वैरण 25 रुपये. एकूण 60. दोन वर्षांचे दिवस 730. म्हणजे खर्च 43,800 रुपये. ‘वैरण तर घरचीच आहे’ असे आपण म्हणतो, पण तीच वैरण बाजारात विकली असती तर पैसे आलेच असते. बरे, वैरण सोडून द्या. नुसता रोख खर्चच 35 गुणिले 730, म्हणजे 25,550. हातात आले 25,000. पदरचे 550 रुपये गेले आणि दोन वर्षांचे शेणघाण फुकट.

मग राखणारा काय करतो? पेंड बंद करतो. त्याला दोष देता येत नाही. पण कालवड खुरटते, माजावर उशिरा येते, आणि मालकाचेही नुकसान होते. अर्धलीत दोघेही बुडतात ते असे.

आयरिश पद्धतीत वाटा नसतो, रोजचा दर असतो. आपल्या उदाहरणात खर्च 60 रुपये असेल, तर 60 रुपये दर घेणारा फुकट राबतो. 80 ठरले तर एका कालवडीमागे दिवसाला 20 रुपये मजुरी सुटते. पाच कालवडींची 30 दिवसांची मजुरी 3,000 रुपये. रक्कम मोठी नाही, आणि म्हणूनच हा जोडधंदा आहे. मात्र ती दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यावर जमा झाली पाहिजे. दोन महिन्यांची बाकी राहिली तर राखणाऱ्याने काय करायचे, तेही करारात लिहावे.

नुसत्या दरात एक खोट आहे. कालवड वाढो वा न वाढो, राखणाऱ्याला पैसे तेवढेच. म्हणून तिकडे वजनाचे टप्पे ठरवतात. पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या 30 टक्के वजन सहाव्या महिन्यात, 60 टक्के साधारण पंधराव्या महिन्यात भरवण्याच्या वेळी, आणि 90 टक्के दोन वर्षांनी विण्याच्या सुमारास. गाय 550 किलोची धरली तर 165, 330 आणि 495 किलो. म्हणजे रोज साधारण 600 ते 700 ग्रॅम वाढ. आपल्या संकरित गाई लहान, त्यांचे आकडे लहान. आपल्याकडे भरवण्याचे वयही पुढे जाते. म्हशीच्या रेडीला आणखी वेळ लागतो. म्हणून टप्पे पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून ठरवावेत आणि टप्पा गाठला तर जादा रक्कम द्यावी.

वजनकाटा नसला तरी अडत नाही. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 660 ने भागा. वजन किलोत मिळते. घेर 50, लांबी 42 असेल तर सुमारे 159 किलो. अंदाजच तो, पण दोघांच्या समक्ष मोजून वहीत मांडला की वाद राहत नाही.

आता करारात काय असावे? ‘चॅगस्क’ नावाच्या आयर्लंडच्या सरकारी कृषी सल्ला संस्थेने अशा कराराचा नमुनाच तयार केलेला आहे. आपल्यासाठी आम्ही पुढील कलमे सुचवतो.

एक, कालवड घेण्याची आणि परत देण्याची तारीख, आणि घेतानाचे वजन. जन्मल्यावर चीक नीट पाजला होता का, हेही विचारून घ्यावे. तिकडे पहिल्या धारेचा चीक, दोन तासांच्या आत, तीन लिटर असा नियम सांगतात. चीक न मिळालेले वासरू पुढे सतत आजारी पडते, आणि त्याचा बोल राखणाऱ्याला लागतो.

दोन, कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक. विम्याचा दावा त्यावरच उभा राहतो. विमा मालकाच्या नावे, हप्ता मालकाचा.

तीन, जनावर दगावले तर काय. आजाराने गेले तर मालकाचे, राखणाऱ्याच्या हयगयीने गेले तर त्याचे, आणि हे डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरेल. हे कलम नसेल तर बाकीचा कागद फाडून टाकावा.

चार, खर्च कोणाचा. लाळ्या-खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी, आणि सांसर्गिक गर्भपाताची लस मादी वासराला 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदाच. ही संधी गेली की गेली. रेतनाचा आणि मोठ्या आजाराचा खर्च मालकाने उचलावा.

पाच, रोग. आयर्लंडमध्ये गोठ्यात क्षयाचे जनावर सापडले की तिथून जनावरे हलवण्यावर बंदी येते. मग परक्याच्या कालवडी तिथेच अडकतात आणि मालकाच्या गोठ्यात गाई कमी पडतात. म्हणून जाणते शेतकरी शक्यतो एकाच मालकाची जनावरे घेतात. लम्पीच्या साथीत आपणही जनावरांची ने-आण बंद झालेली पाहिली आहे. अडकलेल्या दिवसांचा दर कोण देणार, ते आधीच लिहा.

सहावी गोष्ट आपल्या भागाची आहे. कर्नाटकात 2021 पासून लागू असलेल्या गोहत्या प्रतिबंधक कायद्यात जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत, आणि त्यात 13 वर्षांखालील म्हशीही येतात. शेती व पशुपालनासाठी वाट ठेवलेली आहे, पण ती नियमांप्रमाणे. महाराष्ट्राचे नियम आणखी निराळे. आपल्याकडे मालकाचा गोठा एका राज्यात आणि राखणाऱ्याचा दुसऱ्या राज्यात असू शकतो. तेव्हा दोन्हीकडच्या पशुसंवर्धन खात्यात चौकशी केल्याशिवाय आणि डॉक्टरांचा दाखला व कराराची प्रत बरोबर घेतल्याशिवाय कालवड टेम्पोत चढवू नये. सुरुवातीला पायी चालत नेता येईल इतक्या अंतरावरचाच मालक पाहावा.

आणि हा कागद राखणाऱ्याला वाचता आला पाहिजे. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करणारी माणसे आम्ही रोज पाहतो. मालक कन्नड भाषक असेल तर करार मराठी आणि कन्नड दोन्हींत करा, दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या. यात कोणाला कमीपणा नाही, उलट त्याच्याही मनात शंका राहत नाही.

कर्जाबद्दलही सांगतो. जनावर आपल्या नावावर नसते, म्हणून ते तारण ठेवता येत नाही. शेड आणि वैरणीच्या खेळत्या भांडवलासाठी पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड मिळेल का, हे आपल्या शाखेत विचारावे. विचारताना करार आणि वही बरोबर असावी. नियमित जमा होणारा मासिक दर पासबुकात दिसला, तर पुढे बँकेशी बोलणे सोपे जाते.

पाच कालवडींची घाई नको. पहिल्या वर्षी दोनच घ्या. वर्षभराची वैरण आपल्या रानात निघते का, उन्हाळ्यात मुरघास पुरतो का, हे त्या दोघींवर कळेल. ज्यांच्याकडे आज अर्धलीचे जनावर आहे, त्यांनी घरी जाऊन वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडावा आणि मालकाला दाखवावा. कराराचा मराठी मसुदा करायला कोणाला मदत हवी असेल, तर आम्ही सभेनंतर येथेच थांबणार आहोत. येताना कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक तेवढा लिहून आणा.