हरळीचा भाव

गोल्फ खेळणारी चार माणसं एकत्र आली की बोलणं हमखास दोनच गोष्टींवर येतं. मैदानाची अवस्था कशी आहे आणि दिलेले पैसे वसूल झाले का. मी गेली वीसेक वर्षं हा खेळ खेळतो आहे. कुठल्याही क्लबाचा सभासद नाही. मित्राचा पाहुणा म्हणून किंवा रोख फी भरून खेळतो. त्यामुळे ही चर्चा मी दोन्ही बाजूंनी ऐकली आहे.

पुण्यात याला वाव भरपूर आहे. येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्यालगत पूना क्लबचं 18 होलचं मैदान आहे. बऱ्यापैकी सपाट, दोन्ही अंगांना जुनी झाडं. चेंडू सरळ गेला नाही तर झाडच अडवणार. दुसरं बावधनकडचं ऑक्सफर्डचं, डोंगरउतारावर वसवलेलं. तिथे चालणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारातही मैदान आहे, पण ते सर्वांसाठी नाही. येरवड्याचा माणूस बावधनला गेला की म्हणतो, हा गोल्फ की ट्रेकिंग? बावधनवाला येरवड्याला आला की म्हणतो, फारच चिंचोळं बुवा. दोघांचंही खरं असतं आणि दोघांच्याही मतात मैदानापेक्षा स्वतःचा खेळच जास्त असतो. ज्या दिवशी धावसंख्या बरी, त्या दिवशी मैदान उत्तम!

पण अवस्था ही काही केवळ मनाची गोष्ट नाही, ती मोजता येते. ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ. तिच्यावर चेंडू किती वेगानं घरंगळतो हे पाहण्यासाठी एक साधी पट्टी असते, स्टिम्पमीटर. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन गोल्फरनं ती 1935 साली तयार केली. तीन फूट लांबीच्या या खोबणीच्या पट्टीवर चेंडू ठेवायचा, एक टोक हळूहळू उचलायचं, आणि सुटलेला चेंडू किती फूट गेला ते मोजायचं. सात-आठ फूट म्हणजे संथ, दहाच्या पुढे वेगवान. यात कुणाचं मत चालत नाही.

आता गंमत अशी, की हे गवत म्हणजे आपली हरळी. गोल्फवाले तिला बर्म्युडा म्हणतात. जिच्या कोवळ्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो आणि जी शेतातून काढता काढता शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, तीच ही. ग्रीनवर असते ती तिचा आफ्रिकेतल्या भाऊबंदाशी केलेला संकर. तिची पाती बारीक आणि ती तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापली तरी तग धरते. मात्र तिला ऊन लागतं. जून ते सप्टेंबर ढग बसले, जमीन भिजली, की इतकी खाली कापता येत नाही. बुरशी लागते, यंत्राची चाकं रुततात. ग्रीन संथ होतं, फेअरवेवर चेंडू चिखलानं माखतो आणि उचलून, पुसून ठेवण्याची मुभा द्यावी लागते. म्हणून ‘मैदान खराब आहे’ या वाक्याला महिना जोडल्याशिवाय मी ते मत मानत नाही. जुलैतली तक्रार आणि जानेवारीतली तक्रार यांना एकच गुण कसे द्यायचे?

दुसरंही एक कारण असतं. एकदा एका मैदानावर मुंबईचे पाहुणे बरोबर होते. ग्रीनवर सगळीकडे बोटाएवढी भोकं आणि वर वाळू. पाहुणे भडकले, एवढी फी घेता आणि हे? आमचा कॅडी शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, परवाच पाडली भोकं. मुळांना हवा लागते. पंधरा दिवसांनी या, मग बघा.’’ त्याचं बरोबर होतं. तुडवून तुडवून माती घट्ट होते, तिला अधूनमधून असं मोकळं करावंच लागतं. फक्त ते काम काढलंय हे फी घेण्याआधी सांगायला हवं होतं, हे पाहुण्यांचंही बरोबर. बहुतेक तक्रारी मुळात गवताच्या नसतातच, न सांगितल्याच्या असतात.

किमतीचं म्हणाल, तर पाहुण्याची फी शनिवार-रविवारी जास्त, कॅडीचे पैसे वेगळे. मी हिशेब असा करतो: चार-साडेचार तासांत अठरा होल झाले, पुढच्या चौकडीमागे तिष्ठत बसावं लागलं नाही, ग्रीन एकसारखी होती, तर पैसे वसूल. क्लबहाउसची संगमरवरी फरशी मी हिशेबात धरत नाही. पाण्याचा प्रश्न मात्र धरतो. उन्हाळ्यात अशा मैदानाला रोज लाखो लिटर पाणी लागतं. ज्या शहरात टँकर फिरतात, तिथे ते सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलंच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरं अशा मोकळ्या जागा सांभाळतातच असंही नाही. नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर आता क्रिकेटचे सामने होतात, गोल्फ नावापुरता उरला आहे.

या सगळ्या चर्चेत ज्याला कुणी विचारत नाही तो कॅडी. कुठल्या ग्रीनवर सकाळी चेंडू वळतो आणि दुपारी वळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. दिल्लीत कॅडीचं काम केलेला अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर ठरला. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं ती स्पर्धा जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याला ग्रीनची निगा राखणारे कर्मचारी होते. गवत कळणाऱ्या घरातूनच हा खेळ वर आला आहे.

कॅडीला पैसे मिळतात ते फेरीमागे. ‘मैदान खराब’ असं चार जणांनी चार ठिकाणी सांगितलं की फेऱ्या कमी होतात, आणि पहिला फटका त्याला बसतो. मी ज्याच्याबरोबर नेहमी खेळतो, तो पावसाळ्यात रिक्षा चालवतो. ऑक्टोबरात ग्रीन पुन्हा खाली कापायला लागले की त्याचा फोन येतो. फी किती ते तो सांगत नाही. एवढंच म्हणतो, ‘‘साहेब, आता या, चेंडू पळायला लागलाय.’’