सवार जातो, घोडा राहतो

नाशिकास गंगापूर रस्त्यावर भोंसला मिलिटरी स्कूलचें विस्तीर्ण आवार आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं ही शाळा १९३७ सालीं काढली. अश्वारोहण हा तेथील शिक्षणाचा एक भाग आहे. रिकिबींत प्रथमच पाय घालणारा मुलगा खोगिराला बिलगून बसतो. घोडा दुडक्या चालीनें निघाला कीं त्याचे दात वाजूं लागतात. आणि चार-सहा वेळां माती चाटल्यावांचून कोणाचीच मांड पक्की होत नाहीं. पुढें तोच मुलगा अडथळ्यावरून घोडा उडवूं लागतो. मग एक दिवस त्याच्या मनांत प्रश्न उभा राहतो : आशियाई किंवा ऑलिंपिक सामन्यांत याच घोड्यावर बसून उतरतां येईल काय ? या प्रश्नाचें उत्तर मुलाच्या मांडीच्या बळावर अवलंबून नाहीं, ही या विषयांतील विलक्षण गोष्ट होय.

ऑलिंपिकांतील घोडेस्वारीचे प्रकार तीन. अडथळ्यांवरून उड्या मारणें हा एक. तो कोणासही पाहतांक्षणीं कळतो. दुसरा ड्रेसाज, म्हणजे चालींची कसोटी. तिसरा ईव्हेंटिंग; त्यांत चाल, रानांतील दौड आणि उड्या या तिन्ही परीक्षा एकाच घोड्यावर द्याव्या लागतात. पैकीं ड्रेसाज पाहणाऱ्यास प्रथम कांहींच घडत नाहींसें वाटतें. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा रिंगणांत घोडा चालतो, दुडकतो, पायांत पाय न अडकवितां तिरका सरकतो, भर धांवेंत पुढचा पाय बदलतो. सवाराचा हात हलतांना दिसूं नये. टाचेचा किंचित् स्पर्श, लगामाची किंचित् ओढ, एवढ्यावर घोड्यानें सारें ओळखावयाचें. पंच प्रत्येक हालचालीस शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. घोड्याच्या अंगावर सवाराच्या टाचेनें रक्त निघालेलें दिसलें, तर सवारास रिंगणाबाहेर जावें लागतें. येथें स्त्रिया व पुरुष एकाच स्पर्धेंत उतरतात, हेंही या खेळाचें एक भूषणच. असें ऐक्य आठ दिवसांत साधत नाहीं. सवार आणि घोडा यांची ओळख वर्षानुवर्षें मुरावी लागते. म्हणून ऐनवेळीं परक्या घोड्यावर बसून येथें यश मिळणें अशक्यप्राय आहे.

१९८२ सालीं दिल्लीस भरलेल्या आशियाई सामन्यांत घोडेस्वारीचा प्रथमच समावेश झाला. रघुवीर सिंग यांनीं ईव्हेंटिंगमध्यें सुवर्णपदक जिंकलें, भारतीय संघानेंही जिंकलें, आणि भाल्यानें जमिनींतील मेख उपटण्याच्या खेळांत रूपिंदर सिंग ब्रार यांनीं तिसरें पदक आणलें. सामने घरचे, घोडेही घरचे. त्यानंतर एकेचाळीस वर्षें सुवर्णपदक मिळालें नाहीं. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें तें मिळालें, आणि तें ड्रेसाजमध्यें. मुंबईचा हृदय विपुल छेडा, कोलकात्याचा अनुष अगरवाला, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंग अशा चौघांचा हा संघ. चौघांपैकीं उत्तम तिघांचे गुण धरले जातात. त्यांची बेरीज २०९.२०५ झाली, तर यजमान चीनची २०४.८८२. पुढें अनुषनें वैयक्तिक कांस्यपदकही मिळविलें.

पण हे चौघेही युरोपांतील तबेल्यांत राहून तयार झाले होते, आणि त्यांचे घोडेही तिकडचेच. टोकियोच्या ऑलिंपिकांत तेविसावा आलेला बंगळूरचा फवाद मिर्झा याचीही तयारी जर्मनींतच झाली. मराठ्यांच्या फौजेंत जो स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, आणि ज्यास सरकारी पागेंतून घोडा मिळे तो बारगीर. आपला आजचा सवार परदेशीं यांपैकीं कोणीच नाहीं. घोडा त्याचाच असतो, परंतु त्या घोड्यास भेटण्यासाठीं सवारानें आपला देश सोडावयाचा असतो !

याचें कारण घोड्याच्या रक्तांत आहे. आफ्रिकन हॉर्स सिकनेस नांवाची सांथ चिलटांच्या दंशानें पसरते. १९५९ ते १९६१ या काळांत ती पश्चिम आशियांतून भारतापर्यंत आली आणि त्या टापूंत तीन लाखांहून अधिक घोडे, गाढवें व खेचरें मेलीं. २०१४ पासून भारत या रोगापासून मुक्त मानला जातो. तथापि ग्लँडर्स आहे, आणि सरा आहे. सऱ्याचे जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें १८८० सालीं याच उपखंडांत प्रथम ओळखले. परक्या देशांनीं या रोगांची धास्ती घेतली तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या अशाच कडक नियमांमुळें १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकांतील घोडेस्वारी पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, स्टॉकहोम येथें घ्यावी लागली होती.

सारा देश निर्मळ करणें हें तर दुष्करच. येवल्याच्या आठवडेबाजारांत किंवा दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्याच्या यात्रेंत पाहावें : ठिकठिकाणचे घोडे एका मैदानांत दाटीनें बांधलेले असतात. हे बाजार बंद करा असें म्हणणें सोपें, पण घोड्यावर पोट असणाऱ्यांनीं मग करावें काय ? म्हणून दुसरा मार्ग निघाला. एकच आवार कुंपणानें वेगळें करावयाचें, माशी-चिलटांचा बंदोबस्त ठेवावयाचा, चारा-पाणी व मोतद्दारांची ये-जा यांवर नजर ठेवावयाची, आणि घोड्यांचें रक्त वारंवार तपासावयाचें. मीरतच्या छावणींत लष्कराच्या रिमाउंट व पशुवैद्यक केंद्रानें असें आवार सिद्ध केलें, आणि जुलै २०२५ मध्यें जागतिक पशुआरोग्य संघटनेनें त्यास मान्यता दिली. तेथील घोड्यास परदेशच्या रिंगणाची वाट मोकळी होण्याचा हा पहिला योग आहे.

नाशिकहून मीरत हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. गंगापूर रस्त्यावरचा मुलगा आज ज्या घोड्यावर बसतो, तो घोडा त्या कुंपणाच्या बाहेरचा आहे. मुलाचें पारपत्र कांहीं आठवड्यांत हातीं पडतें.