क्रोटनचे रंग



क्रोटनचें सारें वैभव पानांत आहे. मोलुक्का बेटांपासून प्रशांत महासागरांतील बेटांपर्यंत हें झुडूप मूळचें. उष्ण, दमट हवा त्याला मानवते. म्हणूनच सह्याद्रीच्या पायथ्याशीं, भिसेगांव-कर्जतकडे तें जमिनींत व कुंडींतहि सुखानें वाढतें. परंतु ओटीच्या सावलींत ठेवल्यास पानांतील हिरव्याचा जोर होऊन तांबडे-पिवळे रंग लोपतात. सकाळचें ऊन त्यास मिळालेंच पाहिजे.

मात्र जागा एकदम पालटली कीं तें पानें गाळतें. ही तहान नव्हे! येथेंच पुष्कळांची फसगत होते. पाण्यावर पाणी ओतलें जातें, मुळें कुजतात आणि जगणारें झाड मरतें. अशा वेळीं फांदी नखानें किंचित् खरवडून पहावी. सालीखालीं हिरवें दिसल्यास धीर धरावा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावें. खरवडतांना निघणारा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून हात लगेच धुवावे. मुलांना पानें चघळूं देऊं नयेत.

आषाढांत कुंडी विटांवर ठेवून तिचें भोंक मोकळें राखावें. नवीं रोपें हवीं असल्यास पावसाच्या आरंभीं गुटी बांधावी. एवढी निगा राखल्यास एकच झुडूप वर्षानुवर्षें अंगण शोभवील.