निजामाची विमाने, आपला सारा



औंढ्या नागनाथाच्या आणि नामदेवांच्या नर्सीच्या या मुलखात गोरेगावकरांच्या वतीने आपले मनापासून स्वागत. 'युद्धकाळातील हवाई दल' हा विषय आणि ठिकाण गोरेगाव? संमेलनाची पत्रिका वाचून काहींना हसू आले असेल. पण या विषयावर आमचा हक्क आहे, आणि तो पैशाचा आहे.

हा मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला निजामाने डीएच-९ए विमाने भेट दिली आणि तिच्या नावात 'हैदराबाद' आले. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या स्क्वाड्रनही त्याच नावाने लढल्या. १५२ च्या बोधचिन्हावर तर चक्क निजामाची पगडी! १९४० मध्ये तिची स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झुंजत होती. निजाम दानशूर ठरला. सारा भरणाऱ्या मराठवाड्याच्या रयतेला कुणी विचारले होते?

आणि आपले हवाई दल? ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापना, १ एप्रिल १९३३ ला कराचीत पहिली स्क्वाड्रन, विमाने चार, तीही जुनाट वापिती. महायुद्ध पेटले तरी स्क्वाड्रन एकच. १९४२ मध्ये जपानी ब्रह्मदेशात घुसले, तेव्हा या स्क्वाड्रनचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांच्या वैमानिकांनी टेहळणीच्या लायसँडर विमानांना बॉम्ब लटकवून शत्रूच्या विमानतळांवर हल्ले चढवले. नऊ स्क्वाड्रन व्हायला १९४४ उजाडले. आपल्या दलाला स्पिटफायरही तेव्हाच मिळाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात विमान कारखाना काढला, तो १९४२ मध्ये सरकारने आपल्या हाती घेतला. शांततेत इंग्रजांनी आपले हवाई दल वाढू दिले नाही, गळ्याशी आल्यावर वाढवले, असे माझे स्पष्ट मत आहे. संमेलनाध्यक्षांचे वेगळे असल्यास त्यांनी ते जरूर मांडावे.

पुढे १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक पाकिस्तानातून रात्री चोरून निजामाला शस्त्रे पोहोचवत होता. सप्टेंबरात हैदराबाद संस्थानाविरुद्ध भारताची पोलिस कारवाई सुरू झाली आणि भारतीय टेम्पेस्ट विमानांनी संस्थानातल्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. परक्यांच्या विमानांना पैसा पुरवणाऱ्या या मुलखाने देशाची विमाने डोक्यावर पाहिली ती अशी.

ज्यांच्या घरी निजामकाळातील साऱ्याच्या पावत्या किंवा आजोबांचे सैन्यसेवेचे कागद असतील, त्यांनी मंडपाच्या दाराशी नोंद करावी. दुपारच्या सत्रात ते पाहायचे आहेत. जेवणाची सोय शाळेत आहे. आता दीपप्रज्वलनासाठी मी अध्यक्षांना विनंती करतो.